इन्फिनिटीचा स्क्रू

सकाळी ५.५०

आज पाण्याचा दिवस. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. तीन-चार दिवसांनी येतं आणि आलं की तास-दोन तासांत भरून होईल तेवढं आपलं. अण्णा लुंगी वर खोचून ड्रम भरतायत. घरात ड्रम चार. तीन घरच्या वापराचे. चौथा निळा, घट्ट झाकणाचा, फिल्म धुण्यासाठी ठेवलेला. त्याच्या तोंडाला धोतराचं दुपदरी फडकं बांधतात आणि मगच पाइप सोडतात. पाण्यातला रेतीचा बारीक कण ओल्या निगेटिव्हवर बसला की वाळल्यावर तो निघत नाही, निघाला तर ओरखडा ठेवून निघतो.

पलीकडच्या शेडमध्ये यंत्रमाग सुरू झाले. अण्णांचा आवाज आपोआप वर चढला.

अण्णा ६३ वर्षांचे आहेत. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कानडी. सोळाव्या वर्षी एका फोटो स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागले, महिना ९० रुपये. आधी काचा पुसल्या, मग डार्करूम, मग लग्नाचे फोटो. कॅमेरा बिघडला की मुंबईला पाठवावा लागे आणि महिना महिना परत येत नसे, म्हणून स्वतःच उघडायला शिकले. स्टुडिओ कधीच बंद झाला. दुरुस्ती राहिली. आज त्यांच्याकडे येतात ते बहुतेक जुने रेंजफाइंडर: कॅनोनेट, यशिका इलेक्ट्रो, मिनोल्टा हायमॅटिक, रशियन झोर्की आणि फेड. वर्षातून एखादा लायका. पाठवणारे पुण्याचे, मुंबईचे, हैदराबादचे. बहुतेकांचं वय अण्णांच्या निम्म्याहून कमी.

सकाळी ८.००

चहा झाला. पुढच्या खोलीतल्या टेबलावर अण्णा पांढरा टेरी टॉवेल अंथरतात. शेजारच्या मागावरचा, सेकंडचा माल, २५ रुपयांचा. टॉवेलच्या फासांत पडलेला स्क्रू अडकतो, घरंगळत नाही, आणि पांढऱ्यावर दिसतो. कॅमेऱ्यातले काही स्क्रू मोहरीच्या दाण्याहून लहान असतात. फरशीवर गेलेला स्क्रू शोधण्यात सकाळ जाते.

हत्यारं फार नाहीत. सगळ्यात महाग आहे तो जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर, ६५० रुपये. जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूची फुली आपल्या बाजारातल्या फुलीसारखी दिसते, पण खाच वेगळी असते. साधा स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं चाटून जातं. "ह्यो कॅमेरा आधी कुणीतरी उघडलाय," अण्णा एका यशिकाचं तळ बघून म्हणतात, "बघा की ओ, चारही डोकी खाल्लीत." बाकीचं घरी केलेलं. कंपासपेटीतल्या डिव्हायडरची टोकं कानशीने घासून दोन टोकांचा पान्हा. लेन्सची पुढची रिंग फिरवायला रबरी बूच. पेट्रोल सोडायला पाच रुपयांची सिरिंज. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. स्क्रू ठेवायला बर्फाचा प्लॅस्टिक ट्रे, प्रत्येक खणात एका थराचे स्क्रू, उघडल्याच्या क्रमाने.

पहिलं काम यशिका इलेक्ट्रो ३५. हा कॅमेरा १९६६ साली आला. शटरचा वेग तो स्वतः ठरवतो, बॅटरीवर. बॅटरी नसेल तर शटर चालतं, पण फक्त १/५०० वर. फिल्म पुढे सरकवायची चावी ओढताना आतून 'टक्' असा आवाज यायला हवा. या कॅमेऱ्यात येत नाही. आत एक रबराची इवलीशी गादी असते, पन्नास वर्षांत ती विरघळून चिखल होते आणि आवाज जातो. आवाज गेला की शटरचा हिशेबही जातो. अण्णा काळा चिखल काडीने खरवडतात, जुन्या सायकलच्या ट्यूबमधून नवा तुकडा कापतात, जाडी बोटात दाबून बघतात, चिकटवतात. ट्यूब फुकट. कामाचे ९०० रुपये.

चावी ओढली. टक्.

सकाळी ९.२०

आता कॅनोनेट क्यूएल १७. १९७२ सालचं मॉडेल, ४० मिमीची एफ १.७ लेन्स, मुठीत मावणारा. जगभर जुने कॅमेरे जमवणाऱ्यांचा लाडका. पुण्यातल्या एका मुलाने पाठवलाय. चिठ्ठीत लिहिलंय: फोकस लागत नाही.

हे फोकस प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या मागे वर-खाली होणारा आरसा नसतो. पाहायची खिडकी वेगळी, फोटो घेणारी लेन्स वेगळी. खिडकीतून पाहिलं की मधोमध पिवळसर ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. शेजारी काही सेंटीमीटरवर दुसरी एक बारीक खिडकी आहे. तिच्यातलं चित्र छोट्या आरशावरून वळतं, अर्धवट मुलामा दिलेल्या काचेवर येतं आणि पहिल्या चित्रावर पडतं. लेन्सची रिंग फिरवली की आतली दांडी सरकते आणि दुसऱ्या चित्राच्या वाटेतला एखादा भाग कणभर फिरतो. दोन चित्रं जुळली की फोकस झाला. आपले दोन डोळे अंतर ओळखतात ते याच हिशेबाने. दोन खिडक्यांतलं अंतर जितकं जास्त, तितका अंदाज पक्का. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये ते जवळजवळ सात सेंटीमीटर आहे. त्या कॅमेऱ्याचं नाव आजही लोक काढतात, त्यात या सात सेंटीमीटरचा वाटा मोठा आहे.

कॅनोनेटचं वरचं झाकण निघालं. आत धूळ आणि एक मेलेली मुंगी. अर्धवट मुलाम्याच्या काचेला अण्णा हात लावत नाहीत. कापूसही नाही. फक्त रबरी फुग्याने वारा. "हिच्यावरनं एकदा बोट फिरलं की मुलामा गेला. मग दुसरं चित्र दिसायचंच नाही. पुसायचा मोह होतो ओ. लई जणांनी पुसून कॅमेरे मारलेत."

सकाळी ९.५०

झाकण न लावताच कॅमेरा घेऊन आम्ही गच्चीवर. ऊन आत्ताच चटके देतंय. रेंजफाइंडर लावायचा तर आधी लांबची वस्तू हवी. लेन्स इन्फिनिटीवर असताना लांबच्या वस्तूची दोन चित्रं तंतोतंत एक दिसली पाहिजेत. पन्नास-साठ फुटांवरची भिंत चालत नाही, काही शे मीटर तरी हवेत. आणि उभी सरळ कड हवी.

वर्षानुवर्षं अण्णांची उभी कड ठरलेली होती: सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीज प्रकल्पाची चिमणी. सुमारे ९० मीटर उंच, दक्षिणेला, हवा स्वच्छ असली की गच्चीवरून सरळ रेघ. १५ जून २०२३ ला ती पाडली. विमानं उतरायला अडथळा होतो म्हणून. आता अण्णा एक मोबाइल टॉवर वापरतात. त्याला आडव्या पट्ट्या फार, डोळा फसतो. "चिमणी साधी होती. एकच रेघ," ते म्हणतात.

डावा डोळा मिटलेला, उजवा खिडकीला, बोटात स्क्रूड्रायव्हर. आत दोन स्क्रू आहेत. एक चित्र आडवं सरकवतो, एक उभं. आधी उभं जुळवायचं, कारण ते बिघडलेलं असलं की आडवं जुळल्याचा भास होतो. अण्णांचा हात किती हलतो ते मी बघत होतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो त्याहून कमी. मग श्वास सोडतात, कॅमेरा खाली, डोळा चोळतात, परत वर. घामाचा थेंब आत पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलाय.

मला पाहायला दिलं. टॉवर एकच होता. रिंग किंचित फिरवली, टॉवरमधून दुसरा टॉवर बाहेर आला. परत फिरवली, आत गेला.

हे किती वेळ चाललं? पाऊण तास. इन्फिनिटी बसली की खाली येऊन भिंतीला लावलेल्या टेपवर एक मीटरला तपासायचं. तिथे चुकलं की परत गच्ची. जमलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब, प्रवासात हलू नये म्हणून. काकूंची बाटली, गुलाबी.

सकाळी ११.१५

एक कॉलेजचा मुलगा आला. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला सोनेरी कॅमेरा. वर 'लायका' कोरलेलं, खाली जर्मन गरुड. मुंबईच्या चोर बाजारातून ९,००० ला घेतलाय.

अण्णा काही बोलले नाहीत. लेन्स फिरवून काढली आणि आतली दांडी मुलाला दाखवली. "हिच्या टोकाला चाक दिसतंय का?" चाक नव्हतं. पाचरीसारखं टोक होतं. खऱ्या लायकात त्या दांडीच्या टोकाला फिरणारी छोटी चकती असते. रशियन फेड आणि झोर्कीत पाचर असते. वरचं सोनं, गरुड, नाव, सगळं नंतर चढवलेलं.

मुलाचा चेहरा उतरला. अण्णांनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि फेडची गोष्ट सांगितली. ती त्यांना पाठ आहे आणि सांगताना ते हातातलं काम थांबवतात. युक्रेनमधलं खार्किव्ह. तिथे बेवारस मुलांची एक वसाहत होती, शिक्षक मकारेंको यांनी उभी केलेली. मुलं अर्धा दिवस शिकायची, अर्धा दिवस कारखान्यात. आधी ड्रिल मशीन बनवली. मग जर्मन लायका खोलून, भाग मोजून, १९३४ पासून तसाच कॅमेरा बनवू लागली. वसाहत द्झेर्झिन्स्कीच्या नावाची. फेलिक्स एडमुंदोविच द्झेर्झिन्स्की, त्याची आद्याक्षरं म्हणजे फेड. "तुझ्यापेक्षा लहान पोरं होती," अण्णा म्हणाले. "सोनं कुणी चढवलं माहीत नाही. आतलं काम मेहनतीचं आहे. शटर चालू करून देतो. सातशे होतील. दोनशे आता दे."

मुलाने दोनशे दिले. जाताना विचारलं, वरचं नाव खरवडून देता का. अण्णा म्हणाले, राहू दे, पितळ उघडं पडेल.

दुपारी १२.४५

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. पारा ४१ वर. दोन तास कुलूप. शेजारच्या बाई तयार विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे निघाल्या. काकूंनी त्यांना दारातूनच ताक दिलं.

दुपारी ३.००

हिशेबाची वही. कॅनोनेटचे १,४०० घेणार. शटरच्या पात्यांवरचं तेल धुवायला पेट्रोल आणि आयसोप्रोपिल, २० रुपये. मागच्या दाराच्या खाचेतला फोम डांबर झाला होता, तो काढून काळी लोकर घातली, १५ रुपये. बॅटरी ३५. मूळ बॅटरी पाऱ्याची होती, १.३५ व्होल्टची. पारा विषारी म्हणून ती बनणंच बंद झालं. अण्णा कानाच्या मशीनची ६७५ नंबरची बॅटरी बसवतात, १.४ व्होल्ट, आणि ती ढिली पडू नये म्हणून भोवती रबराची रिंग. काही महिन्यांत उतरते. तसं चिठ्ठीवर लिहून देतात. बॅटरी नसली तरी कॅमेरा चालतो, फक्त प्रकाशाचा अंदाज आपला आपण करायचा.

कुरियर गिऱ्हाइकाचा. एका कॅमेऱ्यावर काम दीड दिवस, कधी दोन. महिन्याला दहा-बारा कॅमेरे हातून जातात, पावसाळ्यात जास्त, कारण लेन्समध्ये बुरशी धरते. वहीच्या मागच्या पानावर पुण्याच्या मुलाचा मेसेज उतरवलाय. असाच तयार कॅनोनेट त्याने पंधरा हजारांना विकलेला पाहिला आणि अण्णांना विचारलं होतं, तुम्ही विकत का नाही? अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. विकायचा तर आधी घ्यावा लागतो.

फळीवर 'इंदू'चा एक रिकामा डबा आहे, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. सरकारी कारखाना, १९६० साली स्थापन झालेला. स्टुडिओत त्यांनी वर्षानुवर्षं इंदू आणि पूर्व जर्मनीची ओर्वो वापरली. आता डब्यात स्प्रिंगा.

दुपारी ४.३०

दुरुस्त कॅमेरा फिल्मवर तपासल्याशिवाय अण्णा परत देत नाहीत. इलफर्डच्या एचपी ५ फिल्मचा ३०.५ मीटरचा मोठा रोल आणतात, नऊ हजारांच्या वर जातो. काळ्या पिशवीत हात घालून बारा फोटोंचे तुकडे कापून जुन्या डब्यांत भरतात. एका रोलमधून चाळीसेक तुकडे. म्हणजे प्रत्येक तपासणीला सव्वादोनशे. ते शुल्कात धरलेलं आहे, वेगळं लावत नाहीत.

आज दोन कॅमेरे बाहेर पडले. कॅनोनेट, आणि गेल्या आठवड्यात उघडलेला झोर्की ४. झोर्की माझ्या हातात देताना अण्णांनी बजावलं: आधी चावी फिरवायची, मग वेग बदलायचा. उलटं केलं तर आतलं बिघडतं. मालकाने नेमकं तेच केलं होतं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलो. आत सरकी आणि तेलाचा वास, हवेत सूत. वरच्या पत्र्यातल्या दोन काचांतून येईल तेवढाच उजेड. इथे कॅनोनेट आपलं काम दाखवतो. आरसा उडत नाही म्हणून धक्का नाही, १/३० ला हात स्थिर राहतो. शटरचा आवाज मागांच्या खटखटीत तर नाहीच, शांत खोलीतही कुजबुजीएवढा. बटण दाबतानाही खिडकी काळी होत नाही, समोरचा माणूस त्या क्षणीही दिसत राहतो. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ लायकाच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवून फिरायचा, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. ३० जानेवारी १९४८ ला तो गांधीजींना भेटून निघाला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतरच्या दिवसांतली दिल्ली त्याने अशाच छोट्या कॅमेऱ्याने टिपली. मला हे आठवत होतं. अण्णा तुटलेल्या धाग्याला गाठ मारणाऱ्या कामगाराच्या बोटांवर ठिपका जुळवत होते.

कामगाराने वर पाहिलं नाही. त्याला पगार मीटरवर मिळतो.

पुढे गल्लीत दोन, रूपाभवानीच्या देवळाच्या रस्त्यावर तीन, एका भिंतीवर लावलेल्या टेपचे दोन. झोर्कीने मोकळ्या आकाशाचे चार फोटो, वेगवेगळ्या वेगाने. आकाशाचे फोटो कशाला, ते रात्री कळलं.

संध्याकाळी ६.३०

जिन्याखालची खोली म्हणजे डार्करूम. चार फूट बाय पाच. डेव्हलपर काल रात्रीच तयार केलाय. कोडॅकचं डी-७६, १९२७ पासूनचं सूत्र. पाकीट न आणता अण्णा सोनारी काट्यावर मोजून घालतात: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आधी. सल्फाइट आधी पूर्ण टाकलं तर मेटॉल विरघळत नाही.

निळ्या ड्रममधलं पाणी ३१ अंश. हवं २०. काकूंनी कोपऱ्यावरून दहा रुपयांचा बर्फ आणलाय. पसरट पातेल्यात बर्फाचं पाणी, त्यात बाटल्या उभ्या. थर्मामीटर २३, २२, २१. अण्णा बाटली उचलून घेतात, कारण काच स्वतः थंड असते आणि पारा अजून थोडा उतरतो. २०.

डेव्हलपर आणि पाणी निम्मं निम्मं. ११ मिनिटं. दर मिनिटाला टाकी चार वेळा उलटी-सुलटी, मग टेबलावर एक टोला, आत बुडबुडा चिकटला असेल तर सुटावा म्हणून. या अकरा मिनिटांत अण्णा बोलत नाहीत. काकूही या वेळात हाक मारत नाहीत.

मग हायपो. मग धुणं. नळाखाली अर्धा तास धुण्याएवढं पाणी या घरात नाही. इलफर्डची एक पद्धत आहे: टाकी भरायची, पाच वेळा उलटी करायची, ओतायची. परत भरायची, दहा वेळा. परत भरायची, वीस वेळा. झालं. एका लिटरच्या आत काम. ओतलेलं पाणी बादलीत, बादली संडासात.

संध्याकाळी ७.४०

दोरीवर दोन पट्ट्या. खाली कपड्याचे चिमटे, वजनाला. पंखा बंद, धूळ उडू नये म्हणून. आत भट्टी झालीय.

वाळल्यावर अण्णा पट्टी ट्यूबलाइटसमोर धरतात, भिंग लावतात. कॅनोनेट: टेपवर नेमका एक मीटरचा आकडा धारदार, पुढे-मागे पुसट. गाठ मारणाऱ्या बोटांवर धागा दिसतोय, धाग्याचा पीळही. "गेला हा," ते म्हणाले. म्हणजे पास.

झोर्कीची पट्टी त्यांनी जास्त वेळ धरली. आकाशाचे चार चौकोन. तीन सारखे काळे. चौथा, १/५०० चा, एका बाजूला फिका. झोर्कीचं शटर म्हणजे कापडाचे दोन पडदे, एकामागून एक धावणारे. मागचा पडदा पुढच्याला शेवटी गाठायला लागला की फट अरुंद होते आणि फोटोची एक कड कमी उजळते. माणसांच्या फोटोत ते चटकन दिसलं नसतं. मोकळ्या आकाशात लपत नाही.

झोर्कीच्या मालकाला पंधराशे सांगून झालेत.

रात्री ८.३०

जेवण पुढे ढकललं. कोपऱ्यातल्या टीव्हीवरची चादर काढली. चौदा इंची, जुन्या काचेचा. यावर बातम्या लागत नाहीत, त्यासाठी आतल्या खोलीत दुसरा आहे. हा शटर तपासायला. जुन्या टीव्हीचा पडदा ओळीओळीने उजळतो, सेकंदाला १५,६२५ ओळी. लेन्स काढून, मागचं दार उघडून, शटरमधून पडद्याकडे पाहत बटण दाबायचं. १/५०० ला एकतीसेक ओळींची तिरकी पट्टी दिसायला हवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची.

मी पाहिलं. पट्टी शेवटाकडे निमुळती होत होती.

अण्णांनी झोर्कीचं तळ उघडलं. पडद्यांच्या स्प्रिंगचे दोन स्क्रू तिथेच असतात. पुढच्या पडद्याचा पाव फेरा घट्ट केला. चावी फिरवली, दाबलं. अजून निमुळती. आणखी थोडा. चावी, बटण. चावी, बटण. काकूंनी दारातून विचारलं, भाकरी गरम करू का. "दहा मिनिटं," अण्णा म्हणाले, डोळा शटरला लावूनच.

नऊ वाजून पाचला पट्टी सरळ झाली. तळ बंद केलं. मग काळी पिशवी काढली आणि मोठ्या रोलमधून बारा फोटोंचा दुसरा तुकडा कापायला घेतला, उद्याच्या आकाशासाठी. सव्वादोनशेचा, पंधराशेतूनच.